हॉलिसनं सांगितलं होतं

हॉलिस ट्रिवेटच्या हातांना कधी स्वस्थता नव्हती. जेवताना काटा खाली ठेवून बोलायचा, शेंगा फोडता फोडता बोलायचा, आणि बायकोशी भांडताना तर हात असे सपासप चालायचे की अंगणातल्या कोंबड्या उठून पलीकडं जायच्या.

जन्माचा बहिरा नव्हता तो. चौथ्या वर्षी ताप मेंदूला चढला. आठवडाभर पोर विस्तवासारखं तापलं, आणि ताप उतरला तो कान घेऊनच गेला. त्याच्या आईनं पाठीमागं पातेलं आपटून पाहिलं. पोरगं वळलं नाही. म्हातारी मरेस्तोवर ही गोष्ट सांगायची, आणि दर वेळी पातेलं आपटल्यासारखा हात करायची.

आम्ही दोघं एकाच चर्चच्या बाकावर वाढलो. मी अल्मेडा शूक. ओटवे काउंटीच्या डोंगरात, हेझल फोर्कच्या वळणावर माझी उकडलेल्या शेंगांची टपरी आहे. ओल्या शेंगा, मिठाचं पाणी, मोठा हंडा, खाली जाळ. तीस वर्षं एवढंच करते. तर त्या बाकावर हॉलिसचा बाप पोराचे दोन्ही हात स्वतःच्या मांडीखाली दाबून धरायचा. पाद्री बोलत असताना पोरगं बोटं नाचवतं, लोक बघतात, म्हणून. ओठांवरून वाचायला शिकलेलं हॉलिसचं पहिलं वाक्य कुठलं, तर 'हात गप ठेव'. हे त्यानंच मला मोठेपणी सांगितलं, हसत हसत.

पुढं तो बहिऱ्यांच्या शाळेत गेला आणि अठराव्या वर्षी परत आला तो हातांची पुरी भाषा घेऊन. चुलत्याच्या कारखान्यात बंदुका दुरुस्त करायला बसला. बंदुकीच्या पोटात काय दुखतंय ते त्याला बोटाला कळायचं. डोळे मिटायचा, पोलादावर नख टेकवायचा, घोडा हळूच मागं ओढायचा आणि मान हलवायचा. आमच्याकडं निम्म्या घरांत आजोबाची बंदूक आहे, आणि त्यातली निम्मी तरी हॉलिसच्या हाताखालून गेलेली.

ओनीटा त्या वेळी आइस्क्रीमच्या खिडकीत कामाला होती. हा रोज जायचा आणि चिठ्ठीवर लिहून मागायचा. महिन्याभरानं ती मला म्हणाली, "ह्याच्याशी लिहून लिहून लग्न करायचं तर कागदाची गिरणीच घ्यावी लागेल." एका हिवाळ्यात तिनं हातांची भाषा शिकून घेतली. हॉलिसनं तिचं नाव ठेवलं: पहिली दोन बोटं जोडून गालावर दोनदा टेकवायची. गालावर खळी होती तिच्या, तिथंच. चौतीस वर्षं ती त्याच नावाला वळायची.

पिस्तुलाचं खूळ तिचंच. अकरा वर्षांपूर्वी दोन माणसं मागच्या दारानं कारखान्यात शिरली. हॉलिस यंत्रावर वाकलेला. त्याला काय कळणार? लोखंडी कांब डोक्यात बसली तेव्हा कळलं. टाके पडले सतरा. दवाखान्यातच ओनीटानं त्याला सुनावलं, "तुझ्या पाठीला कान नाहीत. कमरेला तरी काहीतरी ठेव."

"शंभर बंदुका भोवती असताना मार खाल्ला," हॉलिसचे हात म्हणाले. "एकशे एकावी काय करणार?"

"त्या शंभर लोकांच्या. ही तुझी."

मग ठरलं. अंगावर झाकून पिस्तूल बाळगायचं तर परवाना लागतो, आणि परवान्याआधी आठ तासांचा वर्ग. तो आमच्या अग्निशमनाच्या शेडमध्ये शनिवारी भरायचा. शिकवायला बर्ल गेंट्री, पूर्वीचा डेप्युटी, म्हणजे काउंटीच्या शेरीफच्या हाताखालचा पोलीस, पोट टेबलाच्या अलीकडं आणि छाती पलीकडं. मीही त्याच वर्गात होते. टपरीवर एकटी असते ना. हॉलिसशेजारी ओनीटा बसून बर्लचा शब्द न् शब्द हातांनी सांगत होती.

"आता नीट ऐका," बर्ल म्हणाला. "पोलिसाचे निळे दिवे मागं लागले की गाडी कडेला. इंजिन बंद. काच खाली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, वरच्या अंगाला. साहेबाला धाही बोटं मोजता आली पायजेत. मग हात हलवायचा न्हाई. नाक खाजलं तरी न्हाई. आन् आपल्या राज्याचा कायदा हाय की साहेबानं इचारायची वाट बघायची न्हाई. आपनहून सांगायचं, लगोलग. साहेब, माझा परवाना हाय, हत्यार उजव्या कमरेला हाय, तुमी सांगाल तसं करतो. झालं."

हॉलिसनं हात वर केला. त्याच्या हातांचं बोलणं ओनीटानं मोठ्यानं सांगितलं.

"मास्तर, हात हलवायचे नाहीत. बरोबर?"

"बरोबर."

"आणि लगेच सांगायचं. बरोबर?"

"बरोबर."

"मग मी सांगू कशानं?"

मागून कुणीतरी बोललं, "बूट काढ आन् पायानं सांग, हॉलिस." सगळी शेड हसली. ओनीटानं ते हातांनी सांगितल्यावर हॉलिसही हसला, सगळ्यांच्या नंतर, एकटाच. मग एकेकाचं हसू विरत गेलं. बर्लनं टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.

"आठ वर्सं झाली शिकवतोय," तो म्हणाला. "ह्ये कुनी इचारलं नव्हतं."

शेवटी बर्लनंच तोड काढली. एक कार्ड बनवलं. 'मी बहिरा आहे. माझा परवाना आहे. हत्यार उजव्या कमरेला आहे. मला लिहून सांगा.' ठळक अक्षरं, वरून प्लास्टिकचं लॅमिनेशन. ओनीटानं ते हॉलिसच्या पिकअपमध्ये, समोरच्या काचेवर ऊन अडवायची जी झडप असते तिला चिकटवलं. निळे दिवे दिसले की साहेब गाडीतून उतरायच्या आत कार्ड ओढून काढायचं, बोटांत धरायचं आणि हात स्टिअरिंगवर.

रविवारी अंगणात तालीम झाली. मी शेजारच्या सीटवर मक्याचं कणीस खात बसलेली. ओनीटानं सासऱ्याची जुनी हॅट घातली, कमरेत कालथा खोचला आणि ऐटीत खिडकीशी आली.

"काय रे म्हाताऱ्या, एवढ्या घाईनं कुठं? घरी बायको नाही का?"

हॉलिसनं कार्ड दाखवलं. ओनीटानं डोळे बारीक करून वाचलं. "ह्यावर लिहिलंय, माणूस आळशी आहे, सोडू नये."

हॉलिसला राहवलं नाही. उत्तर द्यायला उजवा हात स्टिअरिंगवरून उचलला. ओनीटानं टपावर थाड्कन हात मारला.

"हललास. मेलास."

पुन्हा सुरुवात. पुन्हा तिनं काहीतरी टोमणा मारला, पुन्हा त्याचा हात उचलला. त्या दुपारी हॉलिस तीनदा मेला. तिसऱ्या खेपेला ओनीटा हसली नाही. हॅट काढून पायरीवर जाऊन बसली. मला म्हणाली, "अल्मेडा, ह्याचं तोंड बांधून ह्याला बोल म्हणायचं, असं झालं की गं हे."

पण झालं असं की कार्डाची गरजच पडली नाही. अकरा वर्षांत हॉलिसला तीनदा अडवलं, तिन्ही वेळा आमच्याच पोरांनी. जुन्या शेरीफनं सगळ्या डेप्युटींना सांगून ठेवलं होतं: ट्रिवेटची गाडी असली की दिवे दोनदा उघडझाप करायचे, हॅट आणि काळा चष्मा काढायचा, समोरून जायचं, सावकाश ओठ हलवायचे. एकानं तर वेगाबद्दल ताकीद दिली आणि मग आपल्या डिकीतून आजोबाची बंदूक काढून आणली. "सापडलाच आहेस तर जरा बघ. घोडा अडकतोय." रस्त्याच्या कडेला दोघं अर्धा तास वाकलेले. ही पद्धत कागदावर कुठं लिहिलेली नव्हती. ह्याच्या तोंडून त्याच्या कानी, अशीच चालायची. जुना शेरीफ गेला, दोन डेप्युटी निवृत्त झाले, एक किनाऱ्याकडं बदलून गेला. कुणाच्या ध्यानातही आलं नाही की आता सांगणारं तोंडच उरलं नाही.

मागच्या ऑक्टोबरातली गोष्ट. गुरुवार. झाडं लाल-पिवळी झालेली, शहरातली माणसं पानं बघायला गाड्या भरभरून येतात, माझा वर्षाचा धंदा त्या तीन आठवड्यांतला. शेंगांची पोती गावातल्या गोदामात येऊन पडलेली आणि माझा गुडघा सुजून भोपळा झालेला. हॉलिस टपरीवर आला होता. त्याचा पिकअप ब्रेकच्या कामाला गॅरेजात होता. त्यानं माझ्याकडं हात पसरला: चावी दे, मी आणतो.

मी चावी दिली.

माझ्या पिकअपचा मागचा डावा ब्रेकचा दिवा गेलेला होता. पंधरा दिवस झाले होते. आज बसवू, उद्या बसवू. हॉलिसला नुसतं म्हटलं असतं तर पाच मिनिटांत बसवून मग निघाला असता. मी म्हटलं नाही. हंडा उकळत होता, गिऱ्हाईक उभं होतं, आणि दिव्याचं काय एवढं. आणि कार्ड? ते त्याच्या गाडीत, गॅरेजात. माणसाचं कार्ड आम्ही गाडीला चिकटवून बसलो होतो, आणि अकरा वर्षांत आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

तीनच्या सुमारास तो पोती घेऊन आला. मी रस्त्याच्या ह्या बाजूला, हातात ओगराळं. वळणावर त्यानं वेग कमी केला, आणि त्याच्या मागं निळे दिवे लागले.

दोनदा उघडझाप झाली नाही. लागले ते लागलेच.

हॉलिसनं गाडी माझ्या टपरीच्या बरोबर समोर, पलीकडच्या कडेला घेतली. इंजिन बंद. काच खाली. त्याचा उजवा हात सवयीनं झडपेकडं गेला. तिथून माझा चर्चचा एक कागद खाली पडला, दुसरं काही नव्हतं. हात क्षणभर तिथंच थांबला. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर. धाही बोटं मला रस्त्यापलीकडून दिसत होती.

नवा डेप्युटी होता, ब्रँट मॅब्री. आमच्या काउंटीत येऊन तीन आठवडे झालेला, खालच्या सपाटीवरच्या शहरातला. सव्वीसचा असेल. काळा चष्मा, तोंडात च्युइंगगम. तो खिडकीच्या जरा मागं उभा राहिला, त्यांना शिकवतात तसा, की आतल्याला मान पुरी वळवावी लागते. हॉलिसनं वळवली. त्याला काय दिसलं असेल? दोन काळ्या काचा आणि चघळणारं तोंड.

"लायसन आणि गाडीचे कागद."

हॉलिसनं मान हलवली. ऐकू येत नाही, म्हणून.

"लायसन दाखवा, साहेब."

पुन्हा मान हलली. नाही.

"नाही म्हणताय?" आवाज चढला. "बरं. दार उघडा. खाली उतरा."

पुन्हा नाही. आता मला कळतं की त्या पोराला तीन वेळा नकार मिळाला होता. तेव्हा मला एवढंच दिसलं की त्याचा हात स्वतःच्या कमरेकडं गेला, बटण सुटलं आणि त्याची बंदूक बाहेर आली.

आणि हॉलिसचा उजवा हात स्टिअरिंगवरून उठला. सावकाश. इतका सावकाश की पाण्यातून हात काढावा तसा. मला अंगभर ठाऊक होतं तो काय करतोय. बर्लनं शिकवलं होतं: आपणहून सांगायचं, लगोलग. आधी कानाला बोट, मान हलवून नाही. मग कमरेकडं बोट. मी बहिरा आहे, हत्यार इथं आहे. त्याच्या भाषेत दुसरं कसं सांगणार?

बोट कानाशी पोचलं आणि मी ओरडले.

"आरं त्यो बहिरा हाय! ऐकू येत न्हाई त्येला!"

तीस वर्षं धावत्या गाड्यांना हाका मारून कमावलेला गळा आहे माझा. डेप्युटी दचकला. त्याचं तोंड माझ्याकडं वळलं. किती वेळ? एक श्वास. हॉलिसचं बोट कानाशी होतं ते तेवढाच वेळ.

तोंड परत वळलं तेव्हा हात कमरेशी होता.

एकच आवाज झाला. डोंगरावर आपटून परत आला तेव्हा मला वाटलं दुसरा झाला.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. ओगराळ्यातलं उकळतं पाणी माझ्या बुटात गेलं होतं आणि ते मला संध्याकाळी कळलं, मोजे काढताना कातडी सोबत आली तेव्हा. गिऱ्हाईक बाई शेंगांची पिशवी छातीशी धरून खाली बसली होती. डेप्युटीचा चष्मा रस्त्यावर पडला होता. चष्म्याशिवाय त्याचं तोंड अगदी कोवळं होतं. तो म्हणत होता, "हात दाखवा, हात दाखवा मला." आणि हॉलिसला ओठ आता दिसत होते, म्हणून त्यानं दाखवला. पहिली दोन बोटं नव्हती. जिथं असायची तिथं काहीच नव्हतं, आणि मग एकदम रक्त आलं. गोळी हातातून जाऊन मांडीत बसली होती.

मी लंगडत रस्ता ओलांडला. "मागं राहा, बाई," डेप्युटी म्हणाला, पण बंदूक त्यानं परत कमरेला लावली होती. त्यानं हॉलिसच्या कमरेचं पिस्तूल काढून टपावर ठेवलं, पट्टा काढून हॉलिसच्या मनगटाला आवळला. नीट आवळला, हे सांगायला हवं. डॉक्टरही म्हणाले की तेवढ्यानं वाचला.

हॉलिसचा डावा हात मोकळा होता. तो माझ्याकडं बघत होता आणि डाव्या हातानं तेच तेच करत होता. हनुवटीपासून बोट पुढं, हनुवटीपासून बोट पुढं. मला त्याच्या भाषेतले पन्नासेक शब्द येत असतील. त्यातला हा एक.

"काय करतोय तो हातानं?" डेप्युटीनं विचारलं. "काय म्हणतोय?"

"सांगितलं म्हनतोय."

"काय सांगितलं?"

"पिस्तूल हाय म्हणून. तुमाला सांगितलं म्हनतोय."

तो पट्टा धरून बसला होता. शेवटी रुग्णवाहिका आली.

दोन बोटं गेली. मांडी भरून आली. घरी आल्यावर कळलं की हॉलिस तोतरा झालाय. हसू नका, हाताच्या भाषेतही माणूस तोतरा होतो. निम्मे शब्द त्या दोन बोटांचे. भांडी घासताना खिडकीच्या काचेतल्या प्रतिबिंबावरून त्याचं बोलणं वाचणारी ओनीटा आता समोर उभी राहून म्हणायची, "परत सांग." तो परत सांगायचा. "परत सांग." तिसऱ्यांदा तो हात खिशात घालायचा आणि कारखान्यात जायचा, जिथं आता तो काही दुरुस्त करत नव्हता. तिचं नाव तो डाव्या हातानं घेऊ लागला. पण डाव्या हातानं डाव्या गालावर यायचं ते, आणि खळी उजवीकडं होती.

डेप्युटीची चौकशी झाली. वर्दीला साजेसं वागला, असं ठरलं. हॉलिसनं तो निकाल वाचून बाजूला ठेवला. पण पुढल्याच आठवड्यात टपालानं एक कागद आला. त्यावर गुन्हा लिहिला होता: अंगावर हत्यार असल्याचं चालकानं अधिकाऱ्यास सांगितलं नाही.

त्या कागदानं मात्र तो पेटला. फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाखाली लावून ठेवला. पाणी प्यायला उठला की वाचायचा. वकील म्हणाला, किरकोळ कलम आहे, दंड भरा आणि मोकळे व्हा. बर्ल येऊन तेच म्हणाला. हॉलिसनं दोघांनाही पाटीवर डाव्या हातानं वाकडं लिहून दाखवलं: 'बोटं गेली ती गेली. मी लपवलं नाही. दंड भरला तर मी खोटा.'

आणि मी? मी दर रविवारी कोंबडीचा रस्सा, त्यात उकडलेले पिठाचे गोळे, घेऊन त्यांच्याकडं जायची. दिव्याचं मी ओनीटाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती म्हणाली, "दिवा कुणाचाही जातो." ओरडल्याचं सांगितलं नाही. डेप्युटीच्या जबाबात होतं, 'रस्त्यावरील आवाजामुळं क्षणभर लक्ष विचलित झालं.' सगळे समजले ट्रकचा भोंगा असेल. गिऱ्हाईक बाई कुठल्या गावची कोण, परत दिसली नाही. पाच महिने मी तो रस्सा नेत होते आणि ओनीटा दारात मला मिठी मारत होती. "तू तिथं होतीस म्हणून, अल्मेडा. नाहीतर तो तिथंच गेला असता." मी म्हणायची, "आगं, मी काय केलं." त्या घरात मी खोटं बोलत होते ते तेवढं एकच वाक्य.

मार्चमध्ये तारीख लागली. जज्जबाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात. हॉलिससाठी सरकारनं दुभाषी दिला होता, निळ्या कोटातला एक तरुण. हॉलिसच्या हातांना परक्या माणसाचा आवाज लागलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मॅब्री साध्या कपड्यांत आला होता. नोकरी सोडून बापाच्या टायरच्या दुकानात बसतोय म्हणे. खाली बघत होता.

हॉलिसनं झालं ते सांगितलं. आधी कान, मग कंबर. दुभाष्याला दोनदा "परत सांगा" म्हणावं लागलं.

जज्जबाई मॅब्रीकडं वळल्या. "त्यांचा हात कानाकडे गेलेला तुम्ही पाहिलात?"

"नाही, बाईसाहेब."

"का नाही?"

"मी तिकडं बघत नव्हतो. कुणीतरी ओरडलं."

"ओरडलं? जबाबात आवाज म्हटलंय. माणसाचा आवाज होता?"

"बाईचा. शब्द कळले नाहीत." त्यानं मान वर केली. "ओरडलं नसतं तर मी पाहिलं असतं का, हे मी रोज विचारतो स्वतःला. माहीत नाही."

माझे पाय आपोआप उभे राहिले. बर्लनं बाही ओढली, "खाली बस गं."

"ती मी," मी म्हणाले.

"आपण कोण?"

"अल्मेडा शूक. गाडी माझी, बंद दिवा माझा, आन् ओरडले ती पण मीच. त्यो बहिरा हाय म्हणून ओरडले. साहेबानं माझ्याकडं बघितलं तवा हॉलिसचं बोट कानाला होतं. मी बघितलं. त्यानं सांगितलं, बाईसाहेब. आधी सांगितलं. पर ते बघायच्या वेळेला मी साहेबाचं तोंड फिरवलं."

मी ओनीटाकडं बघितलं नाही. माझ्यात तेवढी धमक नव्हती.

हॉलिसचे हात हलले. निळ्या कोटातला पोरगा जरा घुटमळला, मग बोलला, "ते म्हणतात, मला ठाऊक होतं. मी तिचं तोंड उघडलेलं पाहिलं होतं."

जज्जबाईंनी चष्मा नाकावर चढवला. "मग पाच महिने हे का सांगितलं नाही, ट्रिवेट? तुमच्याच फायद्याचं होतं."

हॉलिसनं उजवा हात मांडीवर ठेवला. मग डाव्या हातानं उत्तर दिलं, थोडक्यात.

"ते म्हणतात, ते तिनं सांगायचं होतं."

जज्जबाईंनी कागदावर काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं आणि वाचून दाखवलं. चालकानं आपल्या भाषेत वेळेवर सांगितलं होतं. गुन्हा रद्द. पुढचा खटला पुकारला गेला, कुणाच्या तरी मोकाट कुत्र्याचा.

बाहेर पायऱ्यांवर ओनीटा माझ्या शेजारून सरळ चालत गेली आणि त्यांच्या पिकअपमध्ये जाऊन बसली. काच वर केली. मी तिला दोष देत नाही. त्या रविवारी मी रस्सा केला नाही, पुढच्याही नाही.

हॉलिस मात्र थांबला. उजवा हात, जेवढा होता तेवढा, माझ्यासमोर उघडला, मिटला, उघडला, मिटला.

"परत सांग," मी म्हणाले.

त्यानं परत केलं. सावकाश. मग माझ्या पिकअपकडं मान उडवली.

"दिवा?" मी म्हणाले. "बसवला. दोन्ही नवे बसवले."

त्याचा विश्वास बसला नाही. तो चालत गाडीच्या मागं गेला आणि मला आत बसायची खूण केली. मी बसले. आरशात तो दिसत होता, कमरेवर हात, मान वाकडी. मी ब्रेक दाबला. त्यानं बोट वर केलं: पुन्हा. मी दाबला. पुन्हा. तिसऱ्यांदा दाबला तेव्हा तो वाकला, डाव्या दिव्याच्या काचेवर त्यानं नख टेकवलं, आणि तसाच उभा राहिला.